आधी नवऱ्याला तपासा

मागच्या मार्गशीर्षात मी आणि गंगू बिदरच्या दवाखान्यात गेलो. गंगू माझी बायको. लग्नाला बरीच वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही... आणि माझी माय मला दुसरी बायको करायला निघाली होती.

मुलगी संतपूरची. बघून झाली होती, संक्रांत झाली की सुपारी फोडायची होती. गंगूचं जेवण कमी झालं होतं.

मी हुमनाबादला कचेरीबाहेर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहितो. शाळा अर्धवट सुटली, पण एक नुक्ता, अक्षरावरचा ठिपका, चुकला तरी अर्ज परत येतो, म्हणून सगळं दोनदा तपासायची सवय लागली. खोट गंगूतच आहे, असा निकाल मायनं देऊन टाकला होता... मला वाटलं, तो तरी कुणी तपासला आहे?

डॉक्टरीणबाई सोलापूरकडच्या. त्यांनी गंगूला आत नेलं, नळीनं हवा सोडून आतल्या वाटा मोकळ्या आहेत का ते पाहिलं. मोकळ्या होत्या. मग मला म्हणाल्या, उद्या सकाळी तुमचं वीर्य बाटलीत ताजं घेऊन या, काचेखाली बघायचं आहे. मी जमिनीकडे बघत मान हलवली.

आम्ही गंगूच्या मामाकडे उतरलो होतो. आमचं घर दुबलगुंडीचं, म्हशी-मेंढरं राखणारं. दूध लांब न्यायचं तर चरवीला ओलं फडकं गुंडाळायचं, तोंडाला ओला बोळा लावायचा, म्हणजे वाटेत नासत नाही, हे लहानपणापासून हाताला माहीत. मी बाटलीला तसंच केलं... वरून माठातलं गार पाणीही शिंपडत गेलो.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. एकही शुक्रजंतू हलत नव्हता. एवढ्यावरून मी काही सांगत नाही, महिन्यानं पुन्हा या, असं त्या म्हणाल्या म्हणे. म्हणे, कारण ते गंगूनं ऐकलं... माझे कान केव्हाच बंद झाले होते.

घरी आलो तर माय भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसलो.

"माय, संतपूरच्या लोकायला न्हाई म्हणून सांग. खोट माझ्यात हाय."

"कोण म्हन्लं?"

"डॉक्टरीणबाईनं काचेतून बघितलं."

तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं ती उलटली नाही. मग हळूच म्हणाली, "आन मी इतकी वर्सं तिला बोलत आले."

दुसऱ्याच दिवशी तिनं संतपूरला निरोप धाडला. पुढं आडावर कुणी गंगूला काही बोललं, तर माय म्हणाली, "तिला कामून बोलायलाव? आमच्या पोरातच कमी हाय." गावभर झालं. माझे दोस्त मला खारका खायला सांगू लागले.

संक्रांतीनंतर पुन्हा गेलो. बाईंनी विचारलं, मागच्या वेळी बाटली कशी आणली होती? मी सगळं नीट सांगितलं, बोळ्यासकट. त्या हसल्या नाहीत. "अहो, ते दूध नाही. त्याला अंगाची ऊब लागते. आणि पाणी लागलं की ते मेलंच."

या वेळी त्यांनी कोरडी बाटली दिली, दवाखान्यातलीच एक खोली दिली. मग मला काचेतून बघू दिलं. केवढी धावपळ होती त्या थेंबात... मी सवयीनं दोनदा बघितलं.

गंगूला पुन्हा तपासल्यावर अडचण सापडली. गर्भाशयाच्या तोंडाशी चिकट पाणी इतकं दाट, की जंतू तिथंच अडकून मरतात. त्याला एक उपाय आहे. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत नवऱ्याचंच वीर्य बारीक नळीनं त्या तोंडापलीकडे, आत सोडायचं. थेंबभरच, जास्त झालं तर कळा येतात. चिरफाड नाही. पण एकदा करून जमेलच असं नाही, काहींना कधीच जमत नाही, हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं.

मी विचारलं, दुसऱ्या कुणाचं तर घालत नाहीत ना? त्या रागावल्या नाहीत. हे प्रत्येकानं विचारायला पाहिजे, म्हणाल्या. तरी बाटली आत जाईपर्यंत मी तिच्यावरची नजर काढली नाही.

बाहेर लिंबाखाली बसलो. गंगू म्हणाली, "आता आत्याबाईला खरं सांगू. तुमच्या नावाला बट्टा कामून?"

मी म्हणालो, "सांगितलं की संतपूरचे लोक पुन्यांदा दारात येतील."

"आन गाव हसायलंय ते?"

"हसू दे. मी कचेरीपाशी बसतो, गावात तू ऱ्हातीस."

ती रडली. मग पदरानं तोंड पुसून, खारका आणायच्या का, म्हणून मलाच विचारलं.

दोनदा करून झालं, दोन्ही वेळा पाळी आली. उद्या पुन्हा जातोय. मायला वाटतं, उपचार माझ्यावरच चालू आहेत. मायला वाचता येत नाही, म्हणून इथं मोकळेपणानं लिहितो... ज्यांच्या घरी हेच चाललं असेल, त्यांनी बाईवर बोट ठेवण्याआधी दोघांनी मिळून जावं. पुरुषाची तपासणी सोपी असते, लाज तेवढी सोडावी लागते. आणि बाटली कोरडी न्यावी, पोटाशी धरून, लवकर.

आत्ताच मायनं उद्याच्या वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. गंगूच्या पाठीवर हात ठेवून तिला म्हणाली, "माझ्या लेकराला संभाळून ने बाई, तो लई भेतो."

मूल होईल की नाही, माहीत नाही. पण या घरातून गंगूला आता कुणी हलवणार नाही... एवढ्यासाठी मी त्या ओल्या बोळ्याचाही ऋणी आहे.