आधी आडवे व्हा

दोन हजार सालानंतर नारायणगावच्या पेठेत ज्याने कापड घेतलं आणि जो आमच्या शेठजींच्या गादीवर एकदाही आडवा झाला नाही, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. शेठजी मूळचे राजस्थानचे जैन. पण आजोबांपासून इथलेच, त्यामुळे बोलणं थेट गावचं. दुकानात पांढरी गादी, मागे साड्यांची फडताळं आणि गल्ल्याशेजारी रक्तदाब मोजायचं यंत्र. इतर दुकानांत गिऱ्हाइकाला विचारतात, "काय दाखवू?" शेठजी म्हणत, "आधी आडवे व्हा."

यंत्र त्यांच्या पुण्यातल्या मुलाने आणून दिलेलं. शेठाणी एका सकाळी अंथरुणातून झटकन उठल्या, चक्कर येऊन पडल्या आणि त्यातच गेल्या. माणूस उठला की रक्त पायांकडे उतरतं. हृदयाने आणि नसांनी लगेच सावरलं नाही, तर दाब घसरून तोल जातो, हे डॉक्टरांनी शेठजींना नंतर समजावलं. तेव्हापासून ते प्रत्येकाचा दाब दोनदा मोजत. निजून तो आडवा दाब, उठल्यावर तो उभा. पट्टा दंडाला बांधला की गिऱ्हाइकाला बोलायची बंदी. शेठजी मात्र अखंड बोलत: द्राक्षांवरचा रोग, येडगाव धरणाचं पाणी, शेठाणींचं लोणचं. मध्येच म्हणत, "अजून नाडी निवली न्हाई, पडून ऱ्हावा." धडधाकट माणसाची नाडी निवायलाही त्यांच्याकडे फार वेळ लागे. मग कधीतरी सुटका होई, "पाय खाली सोडा. जरा बसा. हां, आता उठा."

एकदा राजुरीची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. शेठजींनी नवरीच्या मामांना निजवलं, पंख्याचा वारा लागू नये म्हणून अंगावर पांढरं मांजरपाट टाकलं आणि बाकीच्यांना गप्प बसवलं. पांढरी गादी, पांढरं कापड, भोवती मुकी माणसं. रस्त्यावरचा एक जीपवाला टोपी काढून आत आला, त्याच्यामागे आणखी काही जण. एकाने हळूच विचारलं, "कवा गेलं?"

मामा कापडाखालून म्हणाले, "आडवा झालाय, भाऊ. उभा दाब बाकी हाय."

नवरीची आई विचारणाऱ्यावर कडाडली, "लगनाच्या बस्त्यात असं बोलत्यात व्हय?" मंडळी उठून समोरच्या दुकानात गेली. शेठजींनी मात्र सांत्वनाला आलेल्यांना ओळीने बसवून घेतलं. दिवे लागेपर्यंत दुकान भरलेलं होतं. विक्री काहीच नव्हती, आणि शेठजी खूश होते.

स्वतःचा दाब मात्र ते फक्त निजून मोजत. कारण मुलाने बजावलं होतं, उभ्याने दाब उतरत असेल तर एकटं राहायचं नाही, दुकान बंद करून पुण्याला यायचं. दर रविवारी मुलाला फोनवर आडवा आकडा सांगितला जाई. उभ्याचा विषय निघाला की शेठजी साड्यांच्या घड्या घालायला घेत.

एका दुपारी बातमीची वही उशाला घेऊन मी गादीवर पडलो होतो. शेठजी उठले, थबकले आणि आधारासाठी त्यांनी फडताळ धरलं. वरचा धोतरांचा गठ्ठा माझ्या अंगावर आला.

"शेठजी, आता तुमची पाळी."

"मला काय धाड भरलीय, पत्रकार?" असं म्हणतच ते निजले. पहिला आकडा चांगला होता. उभे राहिल्यावर तो इतका खाली आला की मी त्यांचा हात सोडला नाही.

"सेल उतरलं असतील."

"सकाळीच बदललेत ना तुम्ही?"

ते यंत्राकडे पाहत राहिले. "पोराला आडवाच सांगू का?" मी त्यांच्या दंडाचा पट्टा सोडवला. ते म्हणाले, "तिचा उभा कुणी मोजलाच न्हाई." मग त्यांनी स्वतःच फोन ओढला आणि मुलाला दोन्ही आकडे सांगितले.

दिवाळीआधी दुकान बंद झालं. पुण्याहून त्यांचा फोन येत असे. "तब्येत लई बेस. सूनबाई रोज दोनदा मोजती. पण हितं कुणी आडवं व्हायला येत न्हाई, राव. समदी उभ्या उभ्या बोलून जात्यात."

आता ते फोनही येत नाहीत. सकाळी उठताना मी अजून पाय खाली सोडून बसतो. "हां, आता उठा," असं म्हणणारं कुणी नसतं. मग आणखी थोडा वेळ बसून राहतो.