बाबांची नागीण

बाबांच्या बरगडीवर नागीण उठली, आणि एकाच घरात राहून चार दिवस त्यांनी ते माझ्यापासून लपवलं. शेजारच्या काकूंकडून गेरूचा लेप लावून घेत राहिले. शेवटी डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, "पहिल्याच दिवशी आणायचं होतं. या गोळ्या लवकर सुरू केल्या तरच नीट लागू पडतात."

आता फोड सुकलेत, पण आग जात नाही. अंगाला सदरा टेकला तरी बाबा कळवळतात. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "तोंड आणि शेपूट जुळलं नाही ना?" लहानपणच्या कांजिण्यांचं अंगात दडून राहिलेलं हे दुखणं, त्याला कुठलं आलंय तोंड, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं.

काल पंख्याचा वारासुद्धा त्यांना सोसेना, तेव्हा माझा बांध फुटला. "बाबा, मला का नाही सांगितलंत?"

ते खाली बघत म्हणाले, "तू ऑफिसातून आलीस की म्हणतेस ना, आता कुणी काही सांगू नका म्हणून."

मी पंखा बंद केला. उकाड्यातच त्यांच्याजवळ बसले.