मास्तरांची सही

एका सहीसाठी माणसाला इतकं रडवणारा दुसरा माणूस मी सगळ्या पार्ल्यात पाहिला नाही. रेशन ऑफिसातला साहेब मास्तरांपुढे बरा. हे जुहूच्या विमानतळावर मुलांना विमान चालवायला शिकवायचे, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू; जेवायला दोन्ही वेळा माझ्या खानावळीत. शिकणाऱ्याला एकट्याने विमान घेऊन दुसऱ्या गावी जायचं असेल, तर त्याच्या वहीत शिकवणाऱ्याने 'हा एकटा जाऊ शकतो' असं लिहून सही करावी लागते. त्याशिवाय चाक हलत नाही. आणि मास्तरांचं पेन खिशातून निघत नसे. शेजारच्या मुलीच्या लग्नाला त्यांना साक्षीदार म्हणून नेलं, तर कचेरीत सही करण्याआधी नवऱ्या मुलालाच विचारलं, "नक्की ना? नीट विचार केलायस?" मुलीचा बाप पुढे वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

मुलं सहीसाठी खानावळीपर्यंत पाठलाग करत. मग माझ्या ताटवाट्यांचे हाल. वाटी म्हणजे डोंगर, डाव्या बाजूचं मीठ म्हणजे समुद्र, आणि ढग आले म्हणून सगळ्यावर पोळी झाकायची. "आता सांग, सुरत कुठाय?" मुलगा लोणच्याकडे बोट दाखवायचा. "गेलास समुद्रात! वहिनी, याला भात वाढा, हा आज कुठे जात नाही." यातून सुटला त्याची शेवटची परीक्षा पायी. नकाशा आणि घड्याळ घेऊन पार्ल्याहून घाटकोपरला चालत जायचं आणि दर वळणावर किती वाजले ते लिहायचं. सगळे सुबक कागद घेऊन यायचे. एकाने साकीनाका ते घाटकोपर सहा मिनिटं लिहिली. मास्तर म्हणाले, "रिक्षा चांगली मिळाली रे तुला." सही नाही.

मालाडची एक मुलगी होती. बाप गिरणीतून सुटून वॉचमन झालेला. पावसाळ्यात चार महिने क्लबाची विमानं उडणं बंद असायचं, आणि बापाने बजावलं होतं, या पावसाआधी लायसन झालं तर झालं, नाहीतर स्थळ बघतो. मे उजाडला तरी सही नव्हती. हरवलीस तर काय करशील, असं मास्तरांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, "सर, मी हरवणारच नाही." तिन्ही वेळा वही परत. मग तिला चालायला पाठवलं. संध्याकाळी आली ती तुटकी चप्पल हातात घेऊन.

"सर, वाट लागली. घाटकोपर राहिलं बाजूला, गोवंडीला पोचले."

"मग?"

"मग पानवाल्याला विचारलं. बसने परत आले. तसंच लिहिलंय."

मास्तरांनी उष्ट्या हाताने चाचपत पेन काढलं आणि सही केली. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. "अहो, ही तर हरवली!"

"पण सांगतेय ना!"

चार दिवसांनी ती एकटी सुरतेला निघाली. विमानतळावरच्या क्लबातला फोन बंद पडलेला, म्हणून तिला माझा नंबर दिला होता. बाराला परतायची ती दीड वाजला तरी पत्ता नाही. मास्तर फोनपाशी बसून. वाढलेलं ताट निवलं. मी म्हटलं, जेवून घ्या, तुम्ही उपाशी राहिल्याने ती लवकर येणार नाही. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी उचलला नाही, मलाच खूण केली.

"काकू, सरांना सांगा, धुरक्यात समुद्रच दिसेना. हरवले होते. पश्चिमेकडे वळून किनारा गाठला आणि दमणला उतरलेय."

मी शब्दाला शब्द सांगितलं.

"विमान?"

"शाबूत आहे म्हणते."

"आणि ती?"

"बोलतेय ना!"

मग त्यांनी भात कालवायला घेतला. खूप वेळ नुसताच कालवला. "वहिनी," ते खाली मान घालून म्हणाले, "पहिल्यांदा एकटा गेलो तेव्हा मीही हरवलो होतो. शेतात उतरलो, गुराख्याला गाव विचारलं, पुन्हा उडालो. वहीत लिहिलं, प्रवास व्यवस्थित. त्यावर मला लायसनची सही मिळाली."

"मग आता त्याचं काय?"

"काही नाही. कोणाला बोलू नका."

मुलीचं लायसन पावसाआधी झालं. स्थळ बघायचं राहिलं. मास्तर जाऊनही बरीच वर्षं झाली, म्हणून आज हे लिहिलं. ती अजून दिवाळीला येते, मास्तरांचा विषय काढते, त्यांच्यासारखा सरळ माणूस नाही म्हणते. मी तिला चहा देते. हे तिला वाचायला द्यावं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.