छातीवरचा आडवा डाग

ती घटना आजही आठवते, असे म्हणण्यापेक्षा कुणाच्या अंगणात पांढरा शर्ट वाळताना दिसला की ती मला गाठते, असे म्हणणे जास्त खरे. नोकरीत मी खून, दरोडे, दंगली सगळे पाहिले. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. तरी त्या अंगणात भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला होता. नावे कुणाचीच लिहीत नाही. त्यातली काही माणसे अजून तिथेच राहतात.

शिंदखेडा तालुक्यात तापीकाठच्या एका ठाण्याचा चार्ज मी नुकताच घेतला होता. बंधाऱ्यामुळे तिथे नदीचे पाणी दूरवर तुंबलेले असते. त्या पाण्यात एक शिडाची होडी उभी असायची. कापसाच्या मुलखात डोलकाठी दिसली की नव्या माणसाला आधी हसूच यायचे. होडी धुळ्यातल्या देवपुरात राहणाऱ्या एका गृहस्थांची होती. जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, एकटे, अबोल. गाव त्यांना नाना म्हणायचे. पाण्यावाचून करमेना, म्हणून त्यांनी ही जुनी होडी समुद्रकाठावरून ट्रकवर घालून आणली होती.

होडीची देखभाल गावातला एक तिशीतला तरुण करायचा. मी चार्ज घेण्याच्या काही आठवडे आधी तो बुडून मेला होता. नानांच्या सांगण्याप्रमाणे सुकाणूत जलपर्णी अडकली, ती काढायला तो होडीच्या कडेला गेला. माणूस पाण्यात पडू नये म्हणून अशा होडीला चहूबाजूंनी तारेचा कठडा असतो. त्या तारेवर छाती टेकवून तो खाली वाकला आणि तार तुटली. तो डोक्यावर पाण्यात पडला आणि जलपर्णीत गुरफटला. त्या वेळी होडीवर नानांखेरीज कुणी नव्हते. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पोस्टमॉर्टेम झाले, प्रेत घरच्यांच्या ताब्यात दिले गेले. तार कशी तुटली हे पाहण्याची तेव्हा कुणाला गरज वाटली नव्हती.

मग एक दिवस मयताचा मोठा भाऊ ठाण्यात आला. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, मना भाऊ बुडना नही. त्याले मारं त्या नानानी."

"कशावरून?"

"होडीनी बठ्ठी तार बदली टाकी त्यानी. कसाले बदली? जुनी तार कोठे शे, इचारा त्याले."

हा मुद्दा मला पटण्यासारखा होता. पण पुढे तो आवाज खाली आणून जे बोलला, त्याने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातातले पेन थांबले.

"मनी माय अजून त्याना कपडा धोस, साहेब. दर येळले शर्टवर छातीवर आडवा वळ उठस. मी मना डोयानी देखेल शे. मी तर आते त्या आंगनमा पाय ठेवत नही. भाऊ सांगी राहिना, माले मारं म्हनीसन."

मी त्याला चहा पाजून वाटेला लावले. डागावरून खुनाचा गुन्हा दाखल करायचा तर माझी बदली थेट वेड्यांच्या इस्पितळात झाली असती. पण पोस्टमॉर्टेम रिपोर्ट काढून पाहिला आणि माझे हसू मावळले. मृत्यू बुडूनच झाला होता, मात्र छातीवर एक आडवा वळ असल्याचे डॉक्टरांनी नोंदवले होते.

गावात चौकशी केली तर आणखी एक गोष्ट पुढे आली. त्या तरुणाला भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्रात कंत्राटी नोकरी मिळत होती. तो होडी सोडून जाणार म्हणून नाना भर बाजारात त्याच्यावर ओरडले होते, "जा, पण पुन्हा मला तोंड दाखवू नकोस." हे वाक्य ऐकणारे निम्मे गाव होते. भांडण झालेले, होडीवर दोघेच, छातीवर वळ आणि पुरावा गायब. एवढ्यावर कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याचे कान टवकारले असते, तसे माझेही टवकारले.

नानांना ठाण्यात बोलावले. संशयिताला मी आधी नुसते बसवून ठेवत असे. दोषी माणूस सहसा स्वतःहून बोलायला लागतो, निर्दोष माणूस चिडतो. नाना दोन्हीतले काही करीनात. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"तार का बदलली?" मी विचारले.

"ती वाजायची," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तुटलेले टोक लोंबत होते. वारा नसला, पाणी हलत नसले, तरी ते होडीच्या अंगावर टक टक वाजायचे. तो असाच बोटाने वाजवून मला हाक मारायचा, साहेब. मला ते ऐकवेना. आणि पुन्हा कुणी त्या तारेवर भरवसा ठेवायला नको होता. ती आतून सडली होती."

"सडली होती हे तुम्हाला माहीत होते?"

"तुटल्यावर कळले. वरून पांढऱ्या प्लास्टिकचे वेष्टण असते. मी दर महिन्याला फडक्याने पुसायचो. नव्यासारखी दिसायची. पण होडी पूर्वी समुद्रात होती. खारे पाणी टोकाच्या फटीतून आत शिरते आणि प्लास्टिक ते बाहेर पडू देत नाही. आतल्या आत लोखंडाचा भुगा होतो. म्हणून तर नवी तार मी वेष्टणाची घेतली नाही."

"आणि जुनी?"

"गुंडाळी करून काठावर ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तिथे नव्हती."

असली उत्तरे मी आयुष्यभर ऐकत आलो होतो. हत्यार नेहमी काठावर ठेवलेले असते आणि दुसऱ्या दिवशी तिथे नसते. मी त्यांना स्पष्ट सांगितले, "नाना, तार मिळाली तर तुमचे म्हणणे खरे की खोटे ते कळेल. नाही मिळाली तर मी खुनाचा गुन्हा दाखल करणार. या वयात तुरुंगात गेलात तर बाहेर येण्याची आशा धरू नका."

त्यांनी मान हलवली. "दाखल करा," म्हणाले. "नाहीतरी त्याचे जाणे माझ्याच माथी आहे."

वरिष्ठांशी फोनवर बोललो. मयताच्या आईचा जबाब राहिला होता, तेवढा घेऊन गुन्हा दाखल करायचे ठरले. हवालदाराला घेऊन मी गावात गेलो. वैशाखाचे ऊन होते. खानदेशात त्या वेळी गावे ओस पडल्यासारखी दिसतात, हे खरे. पण त्या गल्लीतल्या शेजारच्या दोन्ही घरांनी त्या अंगणाकडची दारे-खिडक्या लावून घेतल्या होत्या. एका दाराला आतून कडी घालण्याचा आवाजही मी ऐकला.

अंगणात शर्ट वाळत होते. सगळे पुरुषाचे, सगळे स्वच्छ धुतलेले. पोरगा जाऊन इतके दिवस झाले तरी म्हातारीने त्याचे कपडे कुणाला देऊ दिले नव्हते. गल्लीत वाऱ्याची झुळूक नव्हती. वाळलेले शर्ट तिने उतरवून बाजेवर रचून ठेवले होते. तिने त्यातला एक उचलून माझ्यासमोर पसरला. छातीवर डावीकडून उजवीकडे तपकिरी पट्टा होता, बोटभर रुंद. दुसरा पसरला, तसाच पट्टा, त्याच उंचीवर. तिसऱ्यावरही तोच. पोस्टमॉर्टेम रिपोर्टमधले वाक्य माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"बस भाऊ," म्हातारी म्हणाली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. घरी पाहुणा आल्याचा आनंदच होता. "तुले बी पाहानं व्हतं का? तो येस. कपडा वाळतस तवय येस."

"कोण येतो, माय?"

"मना पोऱ्या. रातले नही येत, दुपारले येस. शर्ट घालस, आन् परत ठी जास. हाऊ त्याना घाम शे." तिने पट्ट्यावरून बोट फिरवले. "लोके भ्यातस. पोटना पोरले काय भ्यावानं?"

हवालदाराला मी एक शर्ट हातात घ्यायला सांगितले. गावगुंडांची मानगूट धरणारा तो माणूस दोन पावले मागे सरला. "साहेब, तेवढं सोडून काहीही सांगा," म्हणाला. मी चिडून स्वतःच वळलो आणि दोरीवरचा एक ओला शर्ट धरला. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक थेंब पडला. तो तपकिरी होता.

शर्ट बाजूला सरकवला. जिला मी दोरी समजत होतो, ती दोरी नव्हती. पांढऱ्या प्लास्टिकच्या वेष्टणाची तार होती. म्हातारी शर्ट छातीवर दुमडून त्यावर टाकायची, आणि ओल्या कपड्याचे पाणी वेष्टणाच्या चिरांमधून आत जाऊन गंज घेऊन बाहेर यायचे. दुमड जिथे, पट्टा तिथे. मी तार अंगठ्याने दाबली, तर कडक लागण्याऐवजी ती खजुरासारखी आत दबली. दोन तुकडे जोडून ती बांधली होती. जोडावरची चिंधी सोडली तेव्हा आतून लाल भुगा माझ्या तळहातावर सांडला. कापल्याची एकही धार नव्हती. झिजून सुईसारखे झालेले धागे तेवढे दिसत होते. नानांचा शब्द न् शब्द खरा होता.

"माय, ही तार कुठून आणली?"

"नदीवरतीन. मी रोज तठे जास. त्या दिन काठवर पडेल व्हती."

"कसली तार आहे ते माहीत होते?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच खुळा आहे. "माले म्हाईत नही का? त्यानी शेवटला हात हाईले लायेल व्हता. तठे पडू देऊ का?"

पुढचे काम नियमाप्रमाणे झाले. दोन पंच बोलावले. अंगणात यायला कोणी तयार होईना, तेव्हा आवाज चढवावा लागला. पंचनामा केला, तार सोडून मोजली, गुंडाळून लाखेचे सील लावले. म्हातारीने अडवले नाही. मी तिला जितक्या सौम्यपणे सांगता येईल तितक्या सौम्यपणे सांगितले की हा डाग घामाचा नाही, गंजाचा आहे. या तारेमुळे एक निर्दोष माणूस वाचणार आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मंग आते तो कसावर ई?"

हवालदाराने जीपमधली नायलॉनची दोरी आणून अंगणात बांधून दिली. तो आता कशावर येणार, याला आमच्याजवळ उत्तर म्हणून तेवढेच होते.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल आला. तार कापलेली नाही, वेष्टणाखाली गंजून तुटली, आणि छातीवरचा वळ तिच्यावर भार टाकल्याशी सुसंगत आहे, असे त्यात होते. मोठा भाऊ वाचून ओक्साबोक्शी रडला आणि नानांच्या पाया पडायला गेला. नानांनी त्याला उठवून पोटाशी धरले. माझ्या दृष्टीने प्रकरण मिटले होते. एका म्हाताऱ्या माणसाला फासापासून वाचवले म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली, आणि खोटे कशाला बोलू, मलाही बरे वाटले.

त्यानंतर काही दिवसांनी ती म्हातारी ठाण्यात आली. कुणाला सोबत आणले नव्हते. पदराखालून तिने एक शर्ट काढला आणि माझ्या टेबलावर पसरला. पांढराशुभ्र. तिने तो घासून घासून धुतला असावा, जुने डागही निघाले होते.

"पाह्य भाऊ," ती म्हणाली. "परत परत धुयं. काहीच नही."

मी शर्ट उलटापालटा करून पाहिला.

"नानाले तू सोडं, चांगलं करं. पन तो येत व्हता ना. तू कसाले सांगं माले?" डाग गंजाचा आहे हे मी तिला का सांगितले, एवढेच तिला विचारायचे होते.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. पुरावा कोठेही सापडतो, वरून पांढरे दिसते त्यावर भरवसा ठेवू नये, हे सगळे मी पोलीस प्रशिक्षणाच्या शिबिरांत सांगतो आणि ते खरेच आहे. तार जप्त करण्यावाचून मला गत्यंतर नव्हते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण त्या दिवशी ठाणे अंमलदाराने सवयीने विचारले, "साहेब, या बाईंची तक्रार काय लिहू?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सांगता आले नाही. मी शर्टाची घडी घातली, छाती दुमडणार नाही अशी, आणि तिच्या हातात दिली.