वेचणीचा भाव

नवरा गेल्यावर मी कापूस वेचायला जाऊ लागले. अकोल्याजवळचं आमचं खेडं, आणि शेजारपाजारच्या बायांची आमची टोळी. मजुरी किलोवर मिळायची. गावात पहिली वेचणी ज्याच्या शेतात लागे, तो देईल तोच भाव मग सगळीकडे चाले. आम्हाला कोणी विचारत नसे.

त्या वर्षी मी म्हटलं, "किलोमागं रुपया वाढवून मागू. नाही देल्ला तं कोनीच जायचं नाही." सगळ्या हो म्हणाल्या. बोलायचं मात्र मी, असं ठरलं.

त्या वर्षी पहिली वेचणी ज्याच्याकडे होती, तो शेतकरी ओरडला नाही. म्हणाला, "बाई, माह्याच कापसाले भाव नाही. तुमाले कुठून देऊ?"

तो खोटं बोलत नव्हता. तरी मी मागे सरले नाही. आम्ही घरी बसलो. कापूस बोंडांतून लोंबायला लागला, तेव्हा त्यानं दुसऱ्या गावाहून मेटॅडोर भरून बाया आणल्या.

मग आमच्या बाया एकेक करून त्याच्याकडे गेल्या. त्यानं जुन्याच भावात सगळ्यांना घेतलं, फक्त मला सोडून.

शेजारीण सकाळी दाराशी आली. "रागावू नको वो. घरी लेकरं हायेत."

"मले आधी काहून नाही सांगतलं?"

ती टोळी गाठायला निघून गेली. त्या हंगामात टोळी रोज माझ्या घरावरून जायची. बोलणं, हसणं ऐकू यायचं. माझ्या दारापाशी आल्या की सगळ्या गप्प होत.

शेवटी मी अकोल्यात दालमिलमध्ये लागले, तिथंच खोली केली. मिलमध्ये युनियन होती. पहिल्याच सभेत एक म्हातारे पुढारी जुन्या गिरणीच्या संपाबद्दल बोलले. बाया गेटवर बसून राहिल्या, एकही फुटली नाही, म्हणाले. त्या कशा टिकल्या, हे मला विचारायचं होतं. पण ओळखीचं कोणी नव्हतं; मी मागेच बसून राहिले.

पुढे वेचणीला बाया मिळेनात. कितीतरी जणी माझ्यासारख्याच शहरात आल्या होत्या. भाव आपोआप वाढला. शेजारीण एकदा बाजारात भेटली, तिनंच सांगितलं. "तू मांगत होती ना, त्याच्याहून जास्त भेटते आता."

"बरं झालं," मी म्हटलं. मनापासून म्हटलं.

"ये ना गावाकडं कधी."

मी हो म्हटलं. गेले मात्र नाही.