शैलाला न दिलेला खो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. ऐकून घ्या, इतकंच.

मी हुबळीच्या एका शाळेत खो-खो शिकवते. निवडीत गळलेल्या पोरी रडत बसल्या की मी दर वर्षी तेच भाषण ठोकते — हरलात तर हरलात, उठा, धूळ झटका, पुन्हा उभ्या राहा. पालक माना डोलावतात. आणि मला दर वेळी शैला आठवते.

शैला अळणावरची. सकाळच्या गाडीनं धारवाडला शाळेला यायची, डब्यातली अर्धी शेंगाचटणी मला द्यायची. खांबावर सूर कसा मारायचा ते मीच तिला शिकवलं — स्वतःचे गुडघे फोडून घेत शिकवलं. आणि नववीत, जिल्ह्याची निवड आठवड्यावर आलेली असताना, सरांनी खांबाजवळची माझी जागा तिला दिली. "नको सर, ती जागा तिची आहे" एवढं तरी ती म्हणेल ना? — तेवढंही म्हणाली नाही. मला वाटलं, हिनं माझा केसानं गळा कापला. आज त्याचं हसू यायला हवं. येत नाही. तो राग आठवला की अजून कान तापतात.

मी कॅप्टन होते. निवडीच्या सामन्याआधी नळावर पाणी पिताना मी संघातल्या बाकीच्या सात पोरींना सांगितलं — शैलाचा पाय मुरगळलाय, तिला खो देऊ नका असं सरांनी सांगितलंय, आणि सरांचं हे सांगणं तिला कळू देऊ नका, वाईट वाटेल बिचारीला. पोरी चांगल्या होत्या हो. दयेपोटी ऐकलं त्यांनी.

पाठलागाच्या दोन्ही डावांत ती नुसती बसून राहिली. टाचा उचललेल्या, हात जमिनीला टेकलेले. तिच्या पाठीमागून मी स्वतः तीनदा गेले आणि दुसरीलाच खो दिला. निवडणारे परगावचे, त्यांनी धावणाऱ्या तेवढ्या पाहिल्या. माझं नाव यादीत आलं.

इथवर सांगणं तसं सोपं होतं — जड आहे ते पुढचंच.

तिला सोडायला मी स्टेशनवर गेले. गेले, बघा! तिनं विचारलं, "का गं, एकीनंपण खो दिला नाही मला?" तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं ना? उघडलं. म्हणाले, "तुझ्यावर कुणाचा भरवसाच नाही, शैला."

ती पुन्हा मैदानावर आली नाही. त्या सातजणींशी शाळा संपेपर्यंत बोलली नाही. बोलायची ती फक्त माझ्याशी. हरायचं म्हटलं तरी आधी पळावं लागतं. मी तिला तेवढंही करू दिलं नाही — मग ती उठणार तरी कशातून होती?

गेल्या महिन्यात ती मुलीला घेऊन हुबळीत माझ्या उणकलच्या घरी आली. मुलगी खो-खो खेळते. चहा पिता पिता शैला तिला म्हणाली, "ह्या मावशीकडंच शिकायचं बघ. बाकीच्यांनी दगा दिला मला. तोंडावर खरं बोलली ती ही एकटीच."

मुलगी उठून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.