मी कोरलेला बांध

मोजणीवाल्या साहेबानं मशीन उभं केलं, एक डोळा मिटून बघितलं आणि सोबतच्या माणसाला खुंटी ठोकायला सांगितली. खुंटी माझ्या रानात नऊ पावलं आत ठोकली गेली. माझ्या बायकोला जिथं माती दिली, ती जागा खुंटीच्या पलीकडं राहिली, म्हणजे माझ्या चुलत भावाच्या रानात.

"साहेब, परत बघा," मी म्हणालो.

"आजोबा, दोनदा बघितलं. मशीन खोटं बोलत नाही."

ते मलाही माहीत होतं. खोटं मी बोलत आलो होतो, तीस वर्षं.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण हे तोंडानं सांगायला घरात कुणी उरलं नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. गळ्यातलं लिंग हातात ठेवतात, कपाळाला विभूती लावतात, बेल वाहतात. आमच्या गावात त्याला वेगळी जागा नाही, ज्याचं माणूस त्याच्या रानात. बायको आजारी पडली तेव्हाच तिनं जागा सांगून ठेवली होती. "मला रस्त्याकडच्या तुकड्यात ठिवा, लिंबाखाली. येणारी-जाणारी दिसतील. तिकडं बांधाकडं न्हेऊ नका." मी व्हय म्हणालो. आजारी माणसाला न्हाय कोण म्हणतं?

त्याच वर्षी कळंबकडं जाणारा आमचा रस्ता रुंद झाला. तोवर आमच्या रानाला कुणी विचारत नव्हतं. मग पांढऱ्या गाड्या यायला लागल्या. गॉगलवाली माणसं बांधावर उभी राहून हात लांब करकरून बोलायची. ज्वारीचं रान होतं तिथं चुन्याच्या रेघा आल्या, कमान आली, कमानीवर नगराचं नाव आलं. नगरात राहायला कुणी आलं नाही. आमच्या गल्लीतच निम्म्या घरांना कुलपं. पोरं पुण्यात, माझाही तिकडंच. इथं माणसं आटली आणि प्लॉट वाढले. कोण घेतं, कशाला घेतं, देव जाणे. पण ज्याचं रान रस्त्याला लागून, त्याला हॉटेलात लोक उठून जागा द्यायला लागले. मलाही दिली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

त्या हॉटेलातच एक प्लॉटवाला मला म्हणाला, "बाबा, तुमचा रोडचा तुकडा म्हणजे सोनं हाय. फकस्त त्यात समाधी-बिमाधी करू नका. गिऱ्हाईक बिचकतं."

मी ते लक्षात ठेवलं. पोराला फोनवर सांगितलंसुद्धा, "रोडचा तुकडा मोकळा ठेवायचा. तुझ्या कामाला येईल."

ती गेली त्या दिवशी भावकीतली माणसं कुदळी घेऊन आली. "कुठं खांदायचं?" म्हणाली. मी बांधाकडं बोट केलं. कुणी काही विचारलं नाही. तिनं काय सांगितलं होतं ते मलाच माहीत होतं.

मनाची समजूत अशी घातली, की तो पट्टा तिचाच होता. तिथं ती दरवर्षी वाळकं लावायची, अंबाडी लावायची, कडंनं तुरीच्या दोन ओळी. तिथली माती लई चांगली. चांगली का, तर ती कैक वर्षं नांगर न लागलेली बांधाची माती होती.

आता बांधाचं सांगतो. चुलत भाऊ सोलापूरला शाळेवर मास्तर. त्याचं रान बटईनं, निम्म्या वाट्यानं दुसऱ्याकडं. बटईदार काय, आज हा, उद्या तो. बांधाकडं बघणारं कुणी नव्हतं. मी दरवर्षी नांगरताना एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, पलीकडं घालायचो. एकच. एका वर्षात एका तासानं काय दिसतं? काही दिसत नाही. माती इकडं ओढायची, पुढच्या वर्षी आणखी एक. मधे हद्दीचा दगड आला, तो पहारीनं उचकटून विहिरीच्या कडेला टाकला. त्याच्यावर पुढं बायको धुणं धुवायची. बांधावर बोरीचं जुनं झाड होतं, तेही तोडलं. काटे लागतात म्हणून सांगितलं. खरं तर झाड सरकत नाही, म्हणून तोडलं.

बायकोनं एकदाच तोंड उघडलं. "अवं, भावाची माती खाताव. पचंल का?"

"तो मास्तर हाय," मी म्हणालो. "त्याला पगार हाय. त्याला काय करायचीय माती?"

ती धुणं घेऊन विहिरीकडं गेली. मी समजलो, पटलं.

चुलत भाऊ रिटायर झाला, रस्ता रुंद झाला आणि त्यानं रान त्याच प्लॉटवाल्याला दिलं. ताबा द्यायच्या आधी मोजणी मागवली. पुढं काय झालं ते वर सांगितलंच.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी मी एसटीनं सोलापूरला गेलो. त्यानं चहा दिला. मी कप खाली ठेवून सरळ बोललो, "बांध म्या कोरला. तीस वर्षं कोरला. मला काय बोलायचं ते बोल, पण तिची जागा सोड."

तो हसला नाही, चिडलाही नाही. "अण्णा, मला ठाव हाय," म्हणाला.

"कधीपासून?"

"वहिनीनं सांगितलंय. पंचवीस वर्षं तरी झाली."

मग त्याची बायको आतून म्हणाली, "दर साली तुरीची डाळ यायची की. वाळकं यायची. भाऊजी, तुम्हीच तर एसटीत पिशवी ठिवायला जात होताव."

पिशवी मीच नेत होतो. ड्रायव्हरला सांगून पुढं ठेवत होतो. मला वाटायचं, नात्याची ओढ आहे, पाठवते. त्या पट्ट्यातलं जे निघायचं ते ज्याचं त्याला ती पोचवत होती, माझ्याच हातानं.

"वहिनी म्हणायची, ह्ये हायत तोवर बांधाचं काढू नका, त्यांचा सोभाव वाईट हाय," चुलत भाऊ म्हणाला. "म्या न्हाय काढलं. पण अण्णा, आता रान माझं राहिलं न्हाय. सही झाली. तिला ठिवलं ती जागा माझ्या हद्दीत येती, हे मला ठाव नव्हतं वं. मातीला आलो तवा मला वाटलं, तुम्ही हद्द बघून केलं असंल."

मी उठलो. त्याच्या बायकोनं डाळीची रिकामी पिशवी घडी करून माझ्या हातात दिली. माझ्या बायकोच्या हातची शिवण मी ओळखली.

प्लॉटवाल्याकडं गेलो. म्हणालो, "तो पट्टा मला दे, मी रस्त्याकडचा तुकडा देतो. अख्खा."

तो म्हणाला, "बाबा, खुळं झालाव का? मला चालतंय. पण रान वाडवडिलांचं. पोराची सही लागंल."

पोराला फोन केला. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "आप्पा, तुम्हीच म्हणाला होतात ना, रोडचा तुकडा मोकळा ठेवायचा?"

"व्हय. म्हणालो होतो."

"मग आता? आई गेली, आप्पा. मलाही दुःख आहे. पण माझ्या लेकरांना गावाकडं दुसरं आहे काय?"

मी फोन ठेवला. मी शिकवलं तेच तो बोलत होता.

आमच्या मठातल्या स्वामींना विचारलं, तिला उकरून इकडं आणता येईल का. ते म्हणाले, "एकदा मातीत बसवलेलं माणूस उठवायचं नसतं. आधी विचार करायचा." आधी विचार केला होताच की मी, दुसऱ्याच गोष्टीचा.

वर्ष झालं की दगडाचा ओटा बांधायचा होता. वर्ष झालं नाही. नुसता मातीचा ढीग होता, वर चार धोंडे आणि सुकलेला बेल. रान सपाट करायचं मशीन आलं तेव्हा मी ढिगाला टेकून बसलो होतो. मशीनवाला दुसऱ्या गावचा. खाली उतरला. "बाबा, सरका. काय हाय इथं?"

"माझी बायको हाय."

त्यानं मशीन बंद केलं. चपला काढल्या, ढिगाला हात लावून पाया पडला आणि प्लॉटवाल्याला म्हणाला, "मला न्हाय जमणार. दुसरा बघा." मशीन घेऊन निघून गेला. मला वाटलं, सुटलं.

चार दिवसांनी मला ताप भरला. अंथरुणात पडून होतो. उठून रानात गेलो, तर सगळं सपाट. पार ओढ्यापर्यंत एकच रान, मधे चुन्याच्या रेघा. मोजणीच्या खुंट्याही मशीनखाली गेलेल्या. दुसरा मशीनवाला मिळाला होता.

मी प्लॉटवाल्याला म्हणालो, "नेमकी जागा तरी दाखव. पाणी घालीन, बेल ठिवीन. दुसरं काय मागत न्हाय."

"म्या इथं नव्हतो, बाबा. तुमचं रान तुम्हाला ठाव पाहिजे."

मला ठाव पाहिजे, खरं आहे. तीस वर्षं त्या बांधाची वीत न् वीत मला ठाव होती. लिंबापासून पावलं टाकत जातो. कधी बोरीपासून अंदाज धरू म्हणतो, तर बोर नाही. दगडापासून धरू म्हणतो, तर दगड विहिरीवर. बोर असती तर बोरीपासून पाच पावलं, डोळे मिटून गेलो असतो.

सकाळी तांब्या भरून जातो. काल पाणी घातलं ती जागा आज ओळखू येत नाही. आज घातलं ते कालच्या लई अलीकडं वाटतं. मग उरलेलं पाणी हातात तसंच घेऊन उभा राहतो. कुठं ओतावं कळत नाही.